चार्जिंगचा जुना टॉर्च बदलायचा की दुरुस्त करायचा? या चुका टाळा

दिवाळी सरली की हरभरा-गव्हाचं ओलीत सुरू होतं. शेतीपंपाची लाईन रात्रीची असली की खुंटीवरचा टॉर्च खाली उतरतो, आणि तेव्हाच कळतं की तो पहिल्यासारखा चालत नाही. मग कोणी आठवडी बाजारातून सगळ्यात मोठा आकडा छापलेला नवा उचलून आणतो, तर कोणी जुन्यालाच थापट्या मारत हंगाम काढतो. टॉर्चमध्ये असतं काय, तर सेल, चार्जिंगचं सर्किट, स्विच-पट्ट्या आणि एलईडी. यातलं नेमकं काय बिघडलं ते पाहिल्याशिवाय बदलायचा की नाही हे ठरतच नाही.

न तपासताच 'गेला' म्हणणं

एक संध्याकाळ काढा. टॉर्च पूर्ण चार्ज करा, घरातच फुल उजेडावर लावून ठेवा आणि घड्याळ बघा. सुरुवातीला उजेड झकास, पण पूर्वी तीन तास चालायचा तो आता तासाभरात मिणमिणतो, तर सेल थकला. चार्जिंगला लावल्यावर अर्ध्या तासातच हिरवा दिवा लागत असेल तरी तेच. सेलमध्ये जागाच उरलेली नाही, म्हणून तो लवकर 'भरतो'. रात्रभर लावूनही भरत नसेल तर आधी वायर आणि चार्जर बदलून बघा, मग सेलवर संशय घ्या.

पहिल्या मिनिटापासूनच उजेड मंद असेल तर गोष्ट वेगळी. काच बोटानं पुसून बघा. फवारणीचा थर, धुरळा, ओल बसून ती धुकट झालेली असते. प्लास्टिकची काच उन्हानं पिवळीही पडते. हलवल्यावर उजेड कमीजास्त होत असेल तर मागचं झाकण उघडा. स्प्रिंगच्या टोकावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल. पोरांच्या कंपासमधलं खोडरबर घ्या, स्प्रिंगचं टोक, सेलची दोन्ही तोंडं आणि झाकणाच्या कडेची उघडी धातूची रिंग घासा, कोरड्या फडक्यानं पुसा. ती रिंग बहुतेक जण विसरतात, पण वीज तिच्यातूनच फिरते. थापट्या मारल्यावर चालणारे टॉर्च यात बरेचसे सुधारतात, आणि खर्च शून्य.

मल्टीमीटर असेल तर आणखी सोपं. लिथियमचा सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. रात्रभर टॉर्च न लावता ठेवून सकाळी मोजा. ४.१ च्या वर असेल तर ठीक, ३.९ वर घसरला असेल तर सेलमधला चार्ज आतल्या आत गळतोय. जो सेल २ व्होल्टच्याही खाली गेलाय, त्याला चार्ज करून जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. इतका रिकामा झालेला सेल आतून खराब होतो आणि पुन्हा भरताना शॉर्ट होऊ शकतो. फुगलेल्या सेलचंही तेच.

पिनवाल्या जुन्या टॉर्चवर पैसे घालत राहणं

ज्याच्या बुडातून दोन पिना सरकून बाहेर येतात आणि थेट भिंतीच्या सॉकेटात बसतात, तो टॉर्च अजून घरोघरी आहे. आत ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. हा प्रकार दुरुस्त करत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण उजेड नाही.

त्याचा चार्जर उघडून पाहिला तर ट्रान्सफॉर्मर सापडतच नाही. असतो एक कपॅसिटर, त्यावर बऱ्याचदा '१०५' लिहिलेलं, म्हणजे १ मायक्रोफॅरड. २३० व्होल्टची लाईन त्याच्यातून थेट बॅटरीपर्यंत येते, मध्ये कसलीही आड नाही. म्हणजे टॉर्च सॉकेटात असताना आतली प्रत्येक उघडी पट्टी शॉक देऊ शकते. प्लास्टिक शाबूत आहे तोवर चालतं. एकदा पडून तडकला, बटणाचं रबर निघालं, आणि पावसाळ्यात ओल्या हातानं कोणी उचलला की संपलं. चिकटपट्टी गुंडाळलेले असे टॉर्च सॉकेटात लटकलेले दिसतात, ते आजच काढा.

दुसरं म्हणजे, या सर्किटमधून जेमतेम ७० मिलीॲम्पिअर करंट येतो. बॅटरी १००० मिलीॲम्पिअर-अवरची असली तरी चौदा तासांहून जास्त लागतात, आणि कपॅसिटर म्हातारा झाला की आणखी. भरल्यावर आपोआप थांबायची सोयही बहुतेकांत नसते, त्यामुळे दोन-दोन दिवस लावून ठेवला की बॅटरी वाळते. उलट, संपल्यावर तसाच ठेवून दिला तर शिशाच्या पट्ट्यांवर थर चढतो आणि ती पुन्हा भरतच नाही. पोळ्याच्या आधी ठेवलेला टॉर्च दिवाळीनंतर मेलेला निघतो तो यामुळे.

आता यातली सगळ्यात धोक्याची चूक. बॅटरी मिळत नाही म्हणून दुरुस्तीवाला त्याच डब्यात लिथियमचा सेल डकवून देतो. 'जास्त चालेल भाऊ' म्हणतो, आणि चालतोही. पण तो चार्जर ४.२ व्होल्टला थांबत नाही, आणि लिथियमचा सेल त्यापुढे ढकलला तर तापतो, फुगतो, पेट घेऊ शकतो. कापूस साठवलेल्या घरात असला टॉर्च रात्रभर सॉकेटात नको.

सेलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

टॉर्च लिथियमचा असेल आणि मागचं झाकण फिरवून सेल निघत असेल, तर बहुतेक वेळा नवा टॉर्च घ्यायची गरजच नसते. नवा सेल घाला. निघालेल्या सेलवर १८६५० लिहिलेलं असेल तर तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापात बाजारात साधारण ३५०० मिलीॲम्पिअर-अवरपर्यंतचे चांगले सेल मिळतात. ९९०० लिहिलेला सेल हातात आला तर दुकानदाराशी वाद घालू नका, परत ठेवा. शंका असेल तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिसाच्या आत भरला तर आत माल कमी आणि हवा जास्त. वजन बरोबर भरलं म्हणजे सेल चांगलाच असं नाही, पण हलका भरला तर तो नक्की घ्यायचा नाही.

सेलवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्तात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. टॉर्चमध्ये दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे बदला. एक जुना, एक नवा असं केलं की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याला उलटा रेटतो. जुना सेल सोबत घेऊन जा. काहींचं डोकं सपाट असतं, काहींना बोंड असतं, काही सुरक्षा-सर्किटमुळे तीन-चार मिलिमीटर लांब असतात. चुकीचा आणला तर झाकण लागत नाही, किंवा लागूनही टॉर्च पेटत नाही. तालुक्याला मिळाला नाही तर नागपूरला बर्डीच्या बाजारात चौकशी करा.

सेल आत डाग (सोल्डरिंग) देऊन बसवलेला असेल तर तो बदलायला जाणकार हात हवा. सेलवर थेट सोल्डरिंगची गरम इस्त्री टेकवणारा नको, पट्टीवाला सेल घेऊन पट्टीलाच डाग देणारा हवा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर मी सोडून देतो.

लुमेन बघून नवा घेणं

समजा बदलायचं ठरलंच. इथे कास्तकार सगळ्यात जास्त फसतो.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल ते लुमेन सांगत नाही, ते कँडेला सांगतं. खोक्यावर कँडेलाचा आकडा असेल तर त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर झोत. १०,००० कँडेलाचं वर्गमूळ १००, दुप्पट २०० मीटर. मात्र हे अंतर धरलंय ते पाव लक्सवर, म्हणजे तिथे पुनवेच्या चांदण्याएवढाच उजेड पडतो. तिथे काहीतरी हललं एवढं दिसेल, रोही (नीलगाय) की गाय ते कळणार नाही. ओळख पटवायची तर निम्मं अंतर धरा.

आता वावराचा हिशेब करू. एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. पाच एकरांचं चौकोनी वावर असेल तर एक बाजू साधारण १४२ मीटर, आणि मधोमध बांधलेल्या मचाणापासून कोपरा १०० मीटर. कोपऱ्यातली डुकरं ओळखू यायला हवीत तर झोत २०० मीटरचा, म्हणजेच १०,००० कँडेला. जागलीसाठी एवढा पुरतो. त्यापुढचा खर्च शेजाऱ्याचं वावर बघायला.

झोत दुप्पट लांब न्यायचा तर कँडेला चौपट लागतं. डोळ्यांचंही तसंच आहे. २०० लुमेनचा टॉर्च १०० च्या दुप्पट उजळ वाटत नाही, जेमतेम थोडा बरा वाटतो. म्हणून जुना टॉर्च ठणठणीत असेल आणि नव्यावर आकडा दीड-दोनपट असेल, तर खिशाला हात घालू नका. फरक जाणवायला निदान चौपट हवा.

पण लांब झोत हे जागलीचं काम. पाणी द्यायला धुऱ्या-धुऱ्यानं चालताना तोच झोत नडतो. समोर बैलगाडीच्या चाकाएवढा पांढरा ठिपका आणि पायाजवळ मिट्ट काळोख. घोणस असते ती पायाजवळ. घोणस आणि मण्यार दोन्ही मुख्यतः रात्री फिरतात, आणि गहू गुडघ्याला आला की त्यांना लपायला जागाच जागा. अशा कामाला पसरट, कमी ताकदीचा उजेड लागतो, आणि हात दोन्ही मोकळे हवेत कारण एकात फावडं असतं. डोक्याला बांधायचा हेडटॉर्च इथे हजार लुमेनच्या हातातल्या टॉर्चपेक्षा उपयोगी आहे. गमबूट मात्र घालाच, उजेड सापाला अडवत नाही.

हेडटॉर्चचा आणखी एक फायदा दुकानदार सांगत नाही. बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, तो उजेड आला तिकडेच परत पाठवतो. टॉर्च कमरेजवळ धरला तर चमक कमरेकडे येते, तुमच्या डोळ्यांपर्यंत अर्धवट पोहोचते. कपाळावर असला की डोळे लख्ख चमकतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हातातला टॉर्चही खांद्याच्या वर, कानाजवळ धरला तर तसाच गुण येतो. फुकट आहे, आज रात्रीच गोठ्यात करून बघा.

थंडीत नाल्याकाठी धुकं उतरलं की कपाळावरचाच उजेड मात्र त्रास देतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा टॉर्च हातात घेऊन खाली धरायचा.

खोक्यावरच्या 'दहा तास चालतो' या ओळीतही मेख आहे. चांगल्या कंपन्या ज्या पद्धतीनं मोजतात, त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. शिवाय जास्त ताकदीचे टॉर्च काही मिनिटांत तापतात आणि स्वतःच उजेड कमी करतात. तो बिघाड नाही, आणि नवा टॉर्च घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात भांडायला जायचंही कारण नाही. मधल्या उजेडावर किती तास, ते बघा. ओलीत रात्रभर चालतं.

नवा आणल्यावरच्या चुका

टाईप-सी वाला टॉर्च मोबाईलच्या नव्या चार्जरवर चार्ज होत नाही, ही तक्रार फार आहे. वायरचं दोन्ही बाजूंचं तोंड टाईप-सी असलं की स्वस्त टॉर्चची ओळखच चार्जरला पटत नाही, कारण आतले दोन बारीक रेझिस्टर कंपनीनं वाचवलेले असतात. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी तोंड असलेली वायर लावा, लगेच सुरू होईल.

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतून लाईन घेऊन चार्जिंग करू नका. थ्री फेजवर न्यूट्रल ढिला झाला की एखाद्या फेजवर दाब ३०० व्होल्टच्या वर जातो आणि चार्जर उडतो. घरूनच भरून न्या.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाच्या शेडात किंवा गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त. उष्णता लिथियमचं आयुष्य झपाट्यानं खाते. उन्हाळ्यात टॉर्चचं काम नसेल तर सेल अर्धा भरून, बाहेर काढून, माजघरात मडक्याजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. पूर्ण भरून नको, पूर्ण रिकामाही नको.

जुन्या टॉर्चची शिशाची बॅटरी भंगारवाला वजनावर घेतो, त्याला द्या. पोरांनी फोडली तर आत तेजाब असतं. लिथियमचा मेलेला सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकायचा नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळा ठेवा आणि नवा सेल घ्याल त्या दुकानात परत घेतात का विचारा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.