अभिजात लॅटिन गद्य स्वतःच्या बळावर वाचण्यासाठी

रूपे पाठ झाली, प्राथमिक पाठ्यपुस्तक संपले, तरी सीझर किंवा सिसेरो हे रोमन लेखक उघडले की वाचक पहिल्याच लांब वाक्यापाशी अडतो. शब्दसंग्रह अपुरा असतोच. पण खरी अडचण बहुधा वाचण्याच्या पद्धतीत असते. आधी क्रियापद हुडकायचे, मग मागे वळून कर्ता शोधायचा, ही सवय मराठी वाचकाने मुळीच लावून घेऊ नये, कारण वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाची वाट पाहत अर्थ मनात जुळवत राहणे आपल्याला मातृभाषेनेच शिकवलेले आहे. शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने, शक्यतो मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक शब्दाची विभक्ती पुढे काय येऊ शकते हे सांगते, याकडे लक्ष ठेवावे.

गॉलमधील (आजचा फ्रान्स आणि लगतचा प्रदेश) युद्धांच्या सीझरकृत वृत्तांताचे पहिले वाक्य घ्या : ‘गाल्लिया एस्त ओम्निस दिवीसा इन पार्तेस त्रेस, क्वारुम ऊनाम इन्कोलुन्त बेल्गाय, आलिआम आक्वितानी, तेर्तिआम क्वी इप्सोरुम लिंग्वा केल्ताय, नोस्त्रा गाल्ली आप्पेल्लान्तुर.’ संपूर्ण गॉल तीन भागांत विभागलेला आहे, इथपर्यंत अडचण नाही. पुढे ‘क्वारुम’ ही षष्ठी, म्हणजे ‘त्या भागांपैकी’. ‘ऊनाम’ ही द्वितीया, म्हणून हे कर्म आहे आणि कर्ता अजून यायचा आहे, हे ‘बेल्गाय’ दिसण्याआधीच कळते. ‘आलिआम आक्वितानी’ या जोडीला क्रियापद नाही, कारण ‘इन्कोलुन्त’ म्हणजे ‘वसतात’ हेच तिलाही लागू आहे. ‘तेर्तिआम’नंतर तर कर्ताही नाही, ‘क्वी’ने सुरू होणारे ‘जे’चे उपवाक्यच त्याची जागा घेते. ‘लिंग्वा’ प्रथमा की ॲब्लेटिव्ह (‘ने’, ‘हून’, ‘त’ असे अर्थ देणारी लॅटिन विभक्ती), हे बहुतेक छापील आवृत्त्यांत दीर्घत्वाची खूण नसल्याने रूपावरून दिसत नाही, ते संदर्भावरून ठरवावे लागते : ‘त्यांच्या स्वतःच्या भाषेत केल्ट, आमच्या भाषेत गॉल म्हटले जाणारे लोक’. ‘नोस्त्रा’पुढे ‘लिंग्वा’ हा शब्द वाचकाने मनात धरायचा असतो.

ॲब्लेटिव्हचा अभ्यास सर्वांत आधी पक्का करावा. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींची कामे ती एकटी करते, आणि ‘हीस रेबुस कोग्नितिस’ (‘या गोष्टी कळल्यावर’) यासारख्या रचना सीझरमध्ये वारंवार येतात. संस्कृत शिकलेल्यांनी इथे सति सप्तमी आठवावी. ‘म्हणाला’, ‘कळले’ अशा क्रियापदांनंतर द्वितीयेतले नाम आणि सोबत धातूचे तुमन्तासारखे रूप आले, तर ते नाम बहुधा त्या क्रियेचा कर्ता असते आणि मराठीत तिथे ‘असे’ किंवा ‘की’ घालावे लागते. सिसेरोच्या लांब वाक्यात ‘कुम’, ‘उत’, ‘सी’, ‘क्वोद’ हे शब्द आले की उपवाक्य कुठे उघडते आणि कोणत्या क्रियापदाशी मिटते, हे पेन्सिलीने कंस करून दाखवावे.

शब्दकोश परिच्छेद एकदा पूर्ण वाचून झाल्यावरच उघडावा. भाषांतर त्याहूनही उशिरा, स्वतःचा अर्थ लिहून झाल्यावर पाहावे. दुसऱ्या दिवशी तोच उतारा कोणत्याही मदतीशिवाय पुन्हा वाचावा. या दुसऱ्या वाचनाचा लाभ सर्वांत मोठा असतो आणि नेमके तेच टाळले जाते.

अर्थ लागला म्हणजे अन्वयार्थ लागला असे नव्हे. त्याच पहिल्या परिच्छेदात सीझर म्हणतो की या सर्वांत बेल्गी (वरच्या वाक्यातले ‘बेल्गाय’) सर्वाधिक शूर आहेत, कारण ते रोमन प्रांताच्या सुसंस्कृत जीवनापासून सर्वांत दूर आहेत, व्यापारी त्यांच्याकडे क्वचितच जातात आणि ऱ्हाइनपलीकडच्या जर्मनांशी त्यांचे सतत युद्ध चालते. इ.स.पू. ५७ मध्ये त्याने याच बेल्गींवर स्वारी केली, हे ध्यानात घेतले की शत्रूच्या या स्तुतीने विजेत्याचीही उंची कशी वाढते ते दिसते. सीझर स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी करतो, म्हणून ते लेखन तटस्थ वाटते. तसे का वाटावे, हा प्रश्न प्रत्येक पानावर विचारावा.

सीझर आणि चरित्रकार कॉर्नेलियस नेपोसनंतर सिसेरोची भाषणे, मग सॅलस्ट व लिव्ही हे इतिहासकार हा क्रम मला योग्य वाटतो. इतिहासकार टॅसिटस शेवटी ठेवावा. तो क्रियापदे गाळतो आणि वाक्याचा तोल मुद्दाम मोडतो, आणि हे मोडणे जाणवण्यासाठी सिसेरोचे तोललेले वाक्य आधी कानात बसलेले असावे लागते.