डिप्लोमाचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या प्रवेशासाठी आमच्या सुविधा केंद्रावर रांग लागते आणि दिवसभर माझा एकच प्रश्न चालू असतो, "माहितीपुस्तिका उघडून बघितली का?" उत्तर ठरलेलं. शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी असाच भरला होता, म्हणून आम्हीही तसाच भरला. आता नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्याला शेजारचा मुलगा काय करणार!

तसं पाहिलं तर प्रक्रिया अवघड नाही. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला दहावीत किमान ३५ टक्के लागतात. सीईटी वगैरे नाही, दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर नोंदणी, मग कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी), कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतलं जागावाटप आणि शेवटी संस्थेत जाऊन प्रवेश. यातल्या प्रत्येक पायरीवर लोक पडतात, पण सगळ्यात जास्त पडतात ऑप्शन फॉर्मवर.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीला ८७ टक्के. तिला जिल्ह्याच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर हवं होतं. वडिलांनी मात्र पहिल्या क्रमांकावर घराजवळचं खासगी कॉलेज टाकलं आणि सरकारी दुसऱ्या क्रमांकावर. कारण काय, तर "एक जागा आधी पक्की करून ठेवू, मग वरचं बघू." पहिल्या फेरीत खासगी कॉलेज मिळालं. पहिलाच पर्याय मिळाला, म्हणजे जागा आपोआप फ्रीज. पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद. सरकारी कॉलेजची यादी त्याच फेरीत ८४ टक्क्यांवर थांबली होती. वडील माझ्या टेबलावर दोन्ही प्रिंट ठेवून विचारत होते, "साहेब, मार्क बसतात की, मग सरकारी का नाही दिलं?" मुलगी मागे उभी होती. एक शब्द बोलली नाही.

का नाही दिलं? कारण तुम्ही मागितलंच नाही. वाटप करताना तुमची यादी वरून खाली तपासली जाते. ज्या पहिल्या पर्यायात तुमचे गुण बसतात तो हातात पडतो, त्याखालचे पर्याय त्या फेरीत बघितलेही जात नाहीत. उलट, न मिळणारं कॉलेज वर टाकलं म्हणून खालच्या कॉलेजची संधी तसूभरही कमी होत नाही. हे वाक्य मी शंभर वेळा सांगितलंय आणि तरी दरवर्षी कोणीतरी "पण उगाच वर कशाला टाकायचं" म्हणतोच. जागा अडकवून ठेवायला ही एसटी नाही, खिडकीतून रुमाल टाकून चालत नाही.

माझी पद्धत अगदी साधी आहे. पोर्टल उघडायच्या आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर यादी लिहायची. मग लागोपाठच्या दोन-दोन पर्यायांवर बोट ठेवून मुलालाच विचारायचं, "वरचं मिळालं आणि खालचं हुकलं, तर वाईट वाटेल का?" वाटणार असेल तर जागा बदला. बापाला नाही, मुलाला विचारायचं. गेल्या वर्षीचे कटऑफ जरूर बघा, पण यादीचा शेपटीकडचा भाग ठरवण्यापुरते.

याचंच दुसरं टोक म्हणजे घाईने फ्रीज करणारे. चौथा पर्याय मिळाला, की लगेच फ्रीज. का? "बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत गेलो आणि हातचंही गेलं तर?" नाही जात. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारून ठेवली असेल, तर वरचा पर्याय मिळाल्यावरच ती सुटते. कोणत्या फेरीत किती पर्याय आपोआप फ्रीज होतात हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत असतं. तेवढं पान तरी वाचा.

फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम झालं, हा समज तर सर्रास. ई-स्क्रूटिनी, म्हणजे कागदपत्रांची ऑनलाइन पडताळणी घेतली असेल तर अस्पष्ट स्कॅन, चुकलेले गुण, असं काही दिसलं की अधिकारी शेरा मारून फॉर्म परत पाठवतो. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. बऱ्याच जणांना हे कळतच नाही, कारण नोंदणी करताना मोबाईल नंबर नेट कॅफेवाल्याचा दिलेला असतो. ओटीपीही त्याच्याकडे, मेसेजही त्याच्याकडे, आणि तो दुपारी जेवायला गेलेला. फॉर्म निश्चित झाल्याची पावती हातात आल्याशिवाय यादीत नाव शोधू नका.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला अकरावीत देऊन बसू नका. बसलात, तर सोडवून आणायला किती दिवस लागतील ते आधी विचारून ठेवा.

आता पैशांची चूक. विनाअनुदानित खासगी संस्थांमध्ये २० टक्के जागा कॅपबाहेर, संस्था स्तरावर भरतात. निकालानंतर आठवड्याभरात फोन सुरू होतात, "आत्ता या, सीट ब्लॉक करा, शिष्यवृत्तीचं आम्ही बघतो." एका आजोबांनी नातवासाठी पूर्ण फी भरून अशी जागा घेतली होती. पोराला ७९ टक्के, कॅपमधून त्याच कॉलेजात बसला असता. आजोबा नंतर माझ्याकडे आले ते शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांना मिळते, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. यांचं उत्पन्न मर्यादेत होतं, बाकीही सगळं बसत होतं, फक्त दरवाजा चुकला होता. संस्था स्तरावर प्रवेश घेणं हा गुन्हा नाही. पण कॅपच्या फेऱ्या संपायच्या आत तिकडे धावणाऱ्यांविषयी मला सहानुभूती राहिलेली नाही.

टीएफडब्ल्यूएसचंही, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या योजनेचंही लोक विसरतात. प्रत्येक अभ्यासक्रमाला ५ टक्के जादा जागा असतात, शिक्षण शुल्क माफ, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. पण फॉर्ममध्ये नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये त्या जागांचे वेगळे कोड असतात, ते वेगळे टाकावे लागतात. आणि नंतर शाखा बदलून मिळत नाही, तेव्हा नको असलेली शाखा केवळ फी वाचते म्हणून घेऊ नका.

उत्पन्नाचा दाखला म्हणजे आरक्षणासाठी लागणारा नॉन क्रीमी लेयर दाखला नव्हे. दोन्ही महसूल खात्याकडून येतात एवढंच साम्य. नॉन क्रीमी लेयरवरची वैधतेची तारीख बघा, प्रवेशाच्या वर्षापुढचा ३१ मार्च त्यात यायला हवा. जुना दाखला लॅमिनेट करून आणणारे दरवर्षी भेटतात, आणि ती लॅमिनेशनची चकाकी स्कॅनमध्ये नेमकी तारखेवरच येते.

शेवटचं, आयटीआय आणि बारावी सायन्सवाल्यांसाठी. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल किंवा बारावी सायन्स असेल, तर पात्रतेचा तक्ता बघा. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्याची नोंदणी वेगळी, यादी वेगळी. परवा आयटीआयमधून फिटर ट्रेड केलेला एक मुलगा पहिल्या वर्षाचा फॉर्म घेऊन रांगेत दीड तास उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा मी विचारलं, "आयटीआयची मार्कशीट कुठंय?" म्हणाला, "ती लागते होय?" घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी मार्कशीट घेऊन आला, आणि वर्ष वाचलं.