जुन्या नावेचा साचा काढताय? या चुका टाळा

साचा म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला शिकवायची गरज नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंग, कुंभारांकडे गणपतीचे रबरी साचे. पण हाच सराव उत्खननातल्या नावेवर नडतो. इथं नाव हाच पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा काढतो तो मूळ नमुना; तो मोडला तर दुसरा करून मिळत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या लाकडावर थेट प्लास्टर. शेकडो वर्षं चिखलात राहिलेलं लाकूड आतल्या पाण्यावरच आकार धरून असतं. प्लास्टर ते पाणी ओढतं, वर घट्ट होताना तापतं. लाकूड आक्रसतं, चिरतं. मूर्तीसारखा तेलाचा हात फिरवून भागेल असंही समजू नका, तेल मुरलं की पुढचं संवर्धन अवघड होतं. लाकडाला सिलिकॉनचं रबर लावा, प्लास्टर फक्त त्या रबराला आधार देणाऱ्या पाठीमागच्या कवचाला. उघड्या भागावर पाणी फवारत राहा.

सिलिकॉन चिकटच राहिलं तर हार्डनर वाढवू नका. प्लॅटिनमवालं, म्हणजे प्लॅटिनम उत्प्रेरकावर घट्ट होणारं, सिलिकॉन गंधकाशी गाठ पडली की घट्टच होत नाही, आणि कुजक्या अंड्याचा वास मारणाऱ्या काळ्या गाळात गंधक असतंच. आधी सुट्या ढलपीवर चाचणी घ्या, नावेवर नव्हे. तिथं अडलं तर टिनवालं वापरून बघा.

लाकूडच उरलं नसेल तर गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये सटन हू इथं 1939 मध्ये सुमारे 27 मीटर लांबीचं जहाज सापडलं, म्हणजे वाळूतला ठसा आणि लोखंडी रिवेट. 1960 च्या दशकात पुन्हा उकरून त्या ठशावर प्लास्टर ओतलं. चाललं, कारण जपायला लाकूड नव्हतं. अशी वाळू घट्ट करायची आणि ती ओली असेल तर ॲसिटोनमधलं पॅरालॉइड (एक ॲक्रिलिक राळ) मारू नका, पांढरं पडतं. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक पातळ करून फवारा. ब्रशनं कडा ढासळतात.

कवच एकसंध करणं ही आणखी एक हौस. पॅटर्नमेकर देतो तो ड्राफ्ट, म्हणजे साचा सुटावा म्हणून ठेवलेला उतार, नावेला कोण देणार? एकमेकींवर चढलेल्या फळ्यांत ते अडकतं आणि ओढाल तर फळीच येते. तुकड्यांत करा, सांध्यांना खुणा ठेवा.

प्लास्टरचं पोतं ताजं घ्या. गणपतीच्या हंगामातलं उघडं राहिलेलं पोतं पावसाळी हवेत ओल धरतं आणि कवच भुसभुशीत होतं.

पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि स्केल ठेवून काढलेले सगळ्या बाजूंचे फोटो हे रबराला हात लावण्याआधी. साचा सुटताना थोडा पृष्ठभाग सोबत नेऊ शकतो. आणि सुटलेलं रबर सतरंजीसारखं गुंडाळू नका, त्याच्याच कवचात ठेवा. एकदा वाकलं की त्यातून निघणारी नाव वाकडीच.