खाली गुंता, दोष वर: घरगुती एम्ब्रॉयडरी मशीनच्या नेहमीच्या तक्रारी कशा सोडवाव्यात

खणाच्या ब्लाउजची पाठ हूपमध्ये, म्हणजे भरतकामाच्या चौकटीत, ताणलेली असते, मोराचा पिसारा अर्धा भरून झालेला असतो आणि मशीन कर्रकन आवाज करून थांबतं. कापड उलटून पाहावं तर खाली दोऱ्याचं घरटं. अशा वेळी हात आधी टेन्शनच्या (दोऱ्याच्या ताणाच्या) बटणाकडे जातो आणि मग बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते त्या डबीच्या, बारीक स्क्रूकडे. नेमकं तेच टाळायचं. तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, बऱ्याच केसवर त्याला रंगाचा ठिपकाही दिलेला असतो. तो हलवला की मूळचा दोष राहतो बाजूला आणि दुसरा पदरात पडतो.

साध्या शिलाईपेक्षा भरतकाम मशीनला जास्त छळतं. मिनिटाला ४०० ते ७०० टाके, तेही टीचभर जागेत. कापडात बसण्याआधी दोऱ्याचा तोच तुकडा सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर घासला जातो. त्यामुळे ब्लाउज शिवताना चालून गेलेली बोथट सुई किंवा जुनाट दोरा इथे लगेच उघडा पडतो.

आधी ही उजळणी, मग निदान

तक्रार कुठलीही असो, पुढची कामं याच क्रमाने करा. दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक वेळा पुढे जायची गरजच पडत नाही.

१. मशीन बंद करा. वरचा दोरा रिळापाशी कापा आणि सुईच्या बाजूने ओढून काढा. रिळाकडून उलटा ओढलात तर दोऱ्याची कुसं टेन्शनच्या चकत्यांमध्ये अडकतात.

२. सुई बदला. 'चांगली दिसते' हे कारण चालत नाही, बोथटपणा डोळ्यांना दिसत नाही. घरगुती मशीनला १३०/७०५ एच जातीची, एका बाजूने चपटी असलेली सुई लागते. ४० नंबरच्या रेयॉन किंवा पॉलिस्टर दोऱ्याला ७५/११ची एम्ब्रॉयडरी सुई घ्या, तिचं नेढं साध्या सुईपेक्षा मोठं असतं. चपटी बाजू मागे ठेवून सुई पार वर टेकेपर्यंत सरकवा आणि मगच स्क्रू आवळा. सात-आठ तास भरतकाम झालं की सुई बदलायची, मग ती मोडलेली असो वा नसो.

३. नीडल प्लेट (सुईखालची छिद्राची पट्टी) आणि बॉबिन केस काढून आतली कुसं मऊ ब्रशने बाहेर ओढा. फुंकर मारू नका, हवेचा डबाही नको. दोन्हींनी कचरा आत ढकलला जातो. बॉबिन केसच्या चपट्या स्प्रिंगखाली अडकलेलं एवढंसं कुसही टेन्शन बिघडवतं. जाड कागदाचा कोपरा त्या फटीतून एकदा फिरवा.

४. प्रेशर फूट (कापड दाबणारा पाय) वर ठेवून दोरा ओवा. फूट वर असताना टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये उतरतो. फूट खाली असेल तर तो चकत्यांच्या वरच तरंगत राहतो. ओवून झाल्यावर फूट खाली करून दोरा ओढून पाहा. तो अडखळत, जोर लावल्यावर यायला हवा. अलगद आला तर पुन्हा ओवा.

५. बॉबिन वरून बसवायची असेल तर दोरा घड्याळाच्या उलट दिशेने सुटला पाहिजे. काही मॉडेलमध्ये वेगळं असतं, म्हणून प्लेटवरचा बाण पाहून घ्या. दोरा खाचेत गेल्याची खात्री करा.

६. जाडसर सुती कापडाला बॅकिंग (खालून आधार देणारा कागद) लावून त्यावर इंचभर उंचीचं एखादं साटिनचं, म्हणजे शेजारी शेजारी दाट आडव्या टाक्यांचं, अक्षर भरा आणि उलटं करून पाहा. पट्टीच्या मधल्या साधारण एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला तर टेन्शन ठीक आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुई, टेन्शन आणि दोरा एकदम बदलून मशीन सुरळीत झालं तर नेमकं कशामुळे झालं हे कळतच नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे.

खाली घरटं होणं

गुंता खाली दिसतो म्हणून बॉबिनला दोष दिला जातो, पण खाली साठलेला दोरा कुठल्या रंगाचा आहे ते पाहा. तो वरच्या रिळाचाच असतो. वरच्या दोऱ्याला ताण मिळाला नाही की हूकने (बॉबिनभोवती फिरून वरचा दोरा पकडणाऱ्या भागाने) ओढलेला वेढा परत वर खेचला जात नाही आणि दर टाक्याला खाली साठत जातो. म्हणून घरटं दिसलं की आधी चकत्या आणि टेक-अप लिव्हर (दर टाक्याला दोरा वर खेचणारी दांडी) पाहा. लिव्हरच्या डोळ्यातून दोरा सुटला असेल तर घरटं चार-पाच टाक्यांतच होतं.

सोडवताना हूप जोराने उचलू नका. त्याने सुई वाकते, कधी हूप सरकवणारं कॅरेजही हलतं. हूपखाली कात्री सरकवून थोडं थोडं कापा, बॉबिन केस मोकळी करा, मग हूप काढा. सुरुवातीच्याच टाक्यांना गुंता होत असेल तर दोऱ्याचं टोक पहिले पाच-सहा टाके हातात धरा, नंतर थांबवून कापा.

पांढरा दोरा वर डोकावणं

वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिनचा दोरा जाड आहे. शिलाईचा साधा दोरा बॉबिनमध्ये भरणं ही इथली ठरलेली काटकसर. पण भरतकामाच्या बॉबिनला ६० किंवा ९० नंबरचा बारीक दोरा लागतो. दोरा बरोबर असेल तर वरचं टेन्शन अर्ध्या-एक अंकाने कमी करत जा. धातूची सुटी बॉबिन केस असेल तर ती दोऱ्याच्या टोकाने लटकवून पाहा. ती आपोआप घसरायला नको, मनगटाला हलका झटका दिला की दोन-चार सेंटिमीटर उतरायला हवी. एवढं करूनही जमलं नाही तरच स्क्रूला हात लावा. आधी त्याच्या खाचेच्या दिशेचा फोटो काढा आणि एका वेळी घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तितकंच फिरवा.

दोरा तुटणं, आणि जरीचा दोरा

दोरा पिंजून तुटत असेल तर सुईचं नेढं, नीडल प्लेटचं छिद्र किंवा बॉबिन केसच्या कडेवरचा ओरखडा यांपैकी काहीतरी त्याला कापतंय. नायलॉनचा जुना मोजा कडेवरून फिरवा. जिथे अडकेल तिथे खरवड आहे. प्लॅस्टिकच्या केसवरचा बारीक ओरखडा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने जातो, सुई घुसून खड्डा पडला असेल तर नवीच घ्या. एका झटक्यात, स्वच्छ तुटत असेल तर रीळ पाहा: दोरा रिळाच्या खाचेत अडकतोय किंवा त्यावर लावलेली टोपी फार लहान आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात रेयॉन ओल धरतो आणि ओला रेयॉन कमजोर होतो. रिळं सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

जरीची गोष्ट वेगळी. तिच्या गाभ्यावर चकाकती पट्टी गुंडाळलेली असते, घर्षणाने ती उलगडते आणि नेढ्यापाशी गोळा होते. सुई ९०/१४ मेटॅलिक किंवा टॉपस्टिच घ्या, वेग मशीन देईल तितका कमी करा, म्हणजे मिनिटाला ३५०-४०० टाके, आणि टेन्शन एक-दोन अंकांनी उतरवा. रीळ मशीनच्या खुंटीवर न लावता मागे अर्धा-एक मीटर दूर पेल्यात ठेवा, वाटेत दोऱ्याचे पीळ सुटतात. सुई आपोआप ओवणाऱ्या यंत्रणेला फाटा देऊन हातानेच ओवा. इतकं करूनही तुटत असेल तर डिझाइनकडे बघा. ४० नंबरच्या दोऱ्यासाठी ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिमी असतं, जरीला ०.५ किंवा त्याहून जास्त बरं. डिझाइन लहान करताना टाक्यांची संख्या तेवढीच राहिली तर घनता वाढते, म्हणून २० टक्क्यांपलीकडे मशीनवर लहान-मोठं करू नका. आरीकामाची जाड जर किंवा जरदोसीची तार या सुईतून जातच नाही, त्यावर वेळ घालवू नका.

आउटलाइन सरकणं

मोराचा रंग एकीकडे, काळी कड दुसरीकडे. शंभर वेळा टेन्शन बदललं तरी हे सुटत नाही, कारण दोष कापड धरण्यात आहे. कापड आणि बॅकिंग दोन्ही हूपमध्ये हवेत, आणि बोटाने वाजवल्यावर कापड तबल्यासारखं बोललं पाहिजे. हूप बंद केल्यावर कडा ओढून ताणू नका. तिरकं ताणलेलं कापड काढल्यावर आकसतं आणि डिझाइनभोवती चुण्या पडतात.

बॅकिंगला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात, पण दुकानात नुसता तोच शब्द वापरलात तर फ्रिजचा स्टॅबिलायझर दाखवतील. 'एम्ब्रॉयडरीचा बॅकिंग पेपर' मागा. पॉपलिन, खण, जाड सुती कापडाला फाडून काढायचा पेपर पुरतो. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला कापून काढायचाच लागतो, कारण फाडायचा पेपर निघाला की टाक्यांना आधार राहत नाही. टॉवेलच्या वरच्या बाजूला पाण्यात विरघळणारा पातळ पडदा टाका, नाहीतर टाके रोंव्यात बुडतात.

पैठणी किंवा रेशमावर हूपचा वळ उमटतो. तिथे फक्त बॅकिंग हूपमध्ये ताणा, त्यावर कापड ठेवून भोवती लांब टाक्यांचा धावदोरा घाला. रेशमावर सुईची छिद्रं राहतात, म्हणून धावदोरा शिवणीत जाणाऱ्या भागात येऊ द्या. आणि साडीचा पदर भरताना उरलेली साडी टेबलाखाली लोंबू देऊ नका. तिचं वजन हूपला ओढतं आणि दर रंगाला डिझाइन थोडं थोडं घसरतं. घडी करून मशीनच्या पातळीला उशीवर ठेवा. हूपचा कॅरेजवरचा खटका पूर्ण बसला आहे ना, आणि मागची भिंत किंवा शेजारची बरणी हूपला लागत नाही ना, हेही पाहा. बंद मशीनचं कॅरेज हाताने ढकलायचं नाही.

टाके सुटणं, सुई मोडणं

टाके सुटले की सुई बदला. मग हूप पाहा: ढिलं कापड सुईबरोबर वर उचललं जातं आणि हूकला दोऱ्याचा वेढा सापडत नाही. चिकट स्प्रे वापरला असेल तर सुईवर गोंद साचतो, तो स्पिरिटने पुसा. सुई मोडत असेल तर एम्ब्रॉयडरीचंच फूट लावलंय का, ते घट्ट आहे का, आणि दोन-तीन थर एकावर एक भरले जाताहेत का ते बघा. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

डिझाइन न दिसणं

४ इंची हूप म्हणजे १०० × १०० मिमी. १०१ मिमीचं डिझाइन बरीच मशीन दाखवतच नाहीत. ब्रदरला पीईएस आणि जॅनोमला जेईएफ फाइल लागते. डीएसटी अनेक ठिकाणी चालते, पण तिच्यात खऱ्या रंगांची माहिती नसते. पडद्यावर मोर जांभळा दिसला म्हणून घाबरू नका. पेनड्राइव्ह लहान घ्या, एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि छोटी ठेवा.

इस्त्री आणि मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. वीज जाण्याची सवय असेल त्या गावात चालू रंग आणि टाक्यांचा आकडा अधूनमधून कागदावर लिहा. पुन्हा सुरू करताना पाच-दहा टाके मागे जा, म्हणजे जोड उसवत नाही.

आवाज, तेल आणि मेकॅनिक

खडखडाट बहुधा कुसांचा किंवा चुकीच्या बसलेल्या बॉबिन केसचा असतो. प्लॅस्टिकच्या केसला तेल घालायचं नाही. धातूच्या हूकला माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तरच शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल तेल थंडीत थिजतं, ते मशीनपासून लांबच ठेवा.

सुई जोरात आपटून मोडल्यावर टाके सुटायला लागले तर टायमिंग, म्हणजे सुई आणि हूकचा मेळ, हललेलं असू शकतं. मशीन बंद करून प्लेट काढा आणि हातचाक स्वतःकडे फिरवा. सुई तळापासून २ ते २.५ मिमी वर आली की हूकचं टोक तिच्यामागे, नेढ्याच्या किंचित वर असलं पाहिजे. नसेल तर ते काम मेकॅनिकचं. त्याच्याकडे जाताना बिघडलेला नमुना, तोच दोरा, भरलेली बॉबिन आणि डिझाइनची पेनड्राइव्ह बरोबर न्या, नाहीतर तो स्वतःच्या दोऱ्यावर साध्या टाक्याची एक रांग घालून 'चालतंय की' म्हणेल.