मनाच्या गोळ्यांवर शंका घ्यायची तर नीट घ्या

इंदूरच्या रामबागेत आमचं मेडिकल आहे. काउंटरवर लोक हळूच विचारतात, "काकू, ही गोळी जन्मभर तर नाही ना खावी लागणार?" डॉक्टरांना मात्र हे कोणी विचारत नाही. मग थोडं बरं वाटलं की परस्पर बंद! शंका असावीच, मलाही आहेत. पण तिचं काय करायचं, ते सांगते.

आधी स्ट्रिप उलटी करा. ब्रँडचं नाव सोडा, बारीक अक्षरात घटकांची नावं असतात ती वहीत उतरवा. पुष्कळदा एका गोळीत दोन औषधं निघतात: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. ही जोडी आपल्याकडे सर्रास लिहितात आणि माझा खरा राग हिच्यावर आहे. पहिलं औषध उदासीसाठी, काळजीसाठी. त्याचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि ते काही महिने घ्यायचं असतं. दुसरं लगेच शांत करतं, झोप आणतं, पण दोन ते चार आठवड्यांपुरतंच बरं. पुढे शरीराला त्याची सवय लागते. दोन्ही एकाच गोळीत कोंबल्यावर पहिलं चालू ठेवून दुसरं कमी करणार कसं? म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "क्लोनाझेपाम वेगळी लिहून द्याल का, आणि ती कधी थांबवायची?"

बाकीचे प्रश्नही कागदावर लिहून न्या, नाहीतर ओपीडीच्या गर्दीत निम्मे विसरता. आजाराचं नाव काय? कशावरून कळेल की गुण आला? किती दिवसांनी पुन्हा ठरवायचं? थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का? थायरॉइड मंदावलं तरी माणूस मलूल होतो, आणि आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवं नाही. वजन, साखर, नवरा-बायकोच्या शरीरसंबंधातल्या अडचणी हेही विचारा. लाजू नका, या गोळ्यांनी तसं होऊ शकतं. डॉक्टर वैतागले तर लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार आणि त्याचे दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क रुग्णाला दिलाय.

"मेंदूत केमिकल कमी झालंय" असं कोणी सांगितलं, तर ते इतकं सोपं नाही. सेरोटोनिन नावाचं हे केमिकल कमी झालं की उदासी येते, याला ठोस पुरावा सापडत नाही, असं २०२२ मध्ये जुन्या संशोधनांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलं. पण म्हणून गोळीच बिनकामाची, अशी उडी पुष्कळ जण मारतात; तसं ठरत नाही. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अभ्यासलेली उदासीवरची सगळी २१ औषधं, आत औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

बंद करायची असेल तर डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांना विचारून. एकदम सोडलं तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, झोप उडते. घरचे म्हणतात आजार परतला. कधी तो परततोही, पण कधी हा नुसता औषध सुटल्याचा त्रास असतो. हे लगेच ओळखता येत नाही, म्हणून डोस कधी कमी केला ती तारीख लिहून ठेवा. क्लोनाझेपाम बरेच दिवस घेऊन अचानक तोडली तर फिट येऊ शकते, तिथे धाडस नको.

जीव द्यायच्या गोष्टी, रात्र रात्र जागून बेफाम खर्च, नसलेले आवाज ऐकू येणं... तेव्हा वाद घालत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

आणि लिथियम (मन टोकाचं वर-खाली होण्याच्या आजारावरचं औषध) चालू असेल तर ते आधी आम्हा मेडिकलवाल्यांना सांगा. इंदूरच्या मे महिन्यात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं, किंवा गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन घेतली, की लिथियमची पातळी रक्तात वाढते. हात थरथरणं, तोल जाणं, उलट्या असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.