टीचरच्या टेबलासाठी लाकडी पेनस्टँड घरीच कसा बनवायचा

टीचरला काहीतरी हाताने बनवून द्यायचं असेल तर माझं मत एकच, रोज हात लागेल अशी वस्तू द्या. शोपीस कपाटात जातं, पेनस्टँड टेबलावर राहतो. हा अगदी साधा आहे, एका ठोकळ्याला भोकं आणि एक खाच, बस. फक्त हातात एक आठवडा ठेवा कारण तेल वाळायला वेळ लागतो.

लाकूड साधारण २० सेमी लांब, ८ सेमी रुंद आणि ४.५ सेमी जाड घ्या. पाइन कापायला सोपं, सागवान जड आणि दिसायला छान. जुन्या फर्निचरचा तुकडा असेल तर आधी खिळे नाहीत ना ते नीट बघा, आणि जिथे भोक पाडायचंय तिथे गाठ नको कारण ड्रिल तिथे सरकतं.

आता भोकं. साध्या पेनांना १२ मिमी पुरतं. व्हाइटबोर्ड मार्करची गंमत अशी की तो टोपण वर करून उभा ठेवला की शाई खाली उतरते आणि टोक कोरडं पडतं, म्हणून तो टोपण खाली करून उभा करायचा, त्यामुळे माप टोपणाचं घ्या आणि भोक त्याहून २ मिमी मोठं ठेवा. घट्ट झालं तर मार्कर ओढल्यावर टोपण आतच अडकून बसतं आणि ते काढत बसायला वर्गात कोणाला वेळ असतो!

गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून पेन्सिलने जागा आखा, दोन भोकांमध्ये आणि कडेपासून निदान दीड सेमी सोडा, नाहीतर लाकूड चिरतं. खोली ३ सेमी. ड्रिलच्या बिटवर टोकापासून ३ सेमीवर रंगीत टेप गुंडाळा आणि टेप लाकडाला टेकली की थांबा. माझा पहिला ठोकळा याच ठिकाणी वाया गेला, चपटा बिट वापरला होता आणि त्याचं मधलं टोकदार टोक तळातून बाहेर आलं, तेव्हापासून मोठ्या भोकांना मी फॉर्स्टनर बिटच (सपाट तळाचं भोक पाडणारा) वापरते. ठोकळा क्लॅम्पने बांधा, हाताने धरून ड्रिल करू नका प्लीज, आणि डोळ्यांना सेफ्टी चष्मा हवाच.

ठोकळ्याच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ आडवी खाच करा, करवतीचा एकच काप, १ सेमी खोल, थोडा मागे कललेला. त्यात वेळापत्रकाचं कार्ड उभं राहतं. बाकी काही नाही, पण टीचरला सगळ्यात जास्त हेच आवडतं असा माझा अनुभव.

घासायला मात्र कंटाळू नका, सगळी शोभा इथेच आहे. आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०, मग २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं घासलं तर ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. प्रत्येक नंबरच्या आधी सगळीकडे पेन्सिलने हलक्या रेघोट्या मारा, त्या पूर्ण गेल्या म्हणजे कुठलीच जागा सुटली नाही. १२० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते २२० ने निघून जातात आणि नंतर हात फिरवला की कळतं काय फरक पडला ते. कडा आणि भोकांची तोंडंही गोल करा. तोंडाला मास्क लावा.

तेल लावायच्या आधी तळाला मुलाच्या हाताने नाव, वर्ग आणि वर्ष लिहून घ्या, पेन्सिल जोरात दाबून. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या, तुम्ही गिरवू नका. तिथे तेल घासायचं नाही, नुसतं टिपायचं.

बाकी ठोकळ्याला जवसाचं बॉइल्ड तेल (लाकडाला लावायचं, लवकर वाळणारं) फडक्याने पातळ लावा, १५ मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, एक दिवस वाळवा, असे दोन ते तीन हात. एक गोष्ट लक्षात ठेवाच, या तेलाचं फडकं चुरगळून टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते बाहेर मोकळं पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.

शेवटी तळाच्या चार कोपऱ्यांना फेल्टचे छोटे तुकडे चिकटवा, नाव झाकू नका. आणि देताना त्यात दोन चांगली पेनं आणि एक मार्कर, टोपण खाली करून, ठेवूनच द्या.