पाड्यापासून दवाखान्यापर्यंत: सर्वांना चढता येईल अशा ग्रामीण बससेवेची आखणी

ग्रामीण बससेवेची आखणी करताना बहुधा स्थानकात उभ्या असलेल्या प्रवाशांची मोजणी केली जाते आणि चूक तिथूनच सुरू होते, कारण ज्याला गाडीची पायरी चढवत नाही तो माणूस स्थानकापर्यंत आलेलाच नसतो. म्हणून सुरुवात घरोघरी जाऊन करावी. धडगाव, अक्कलकुवा किंवा चोपडा-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना सोबत घेऊन दिव्यांग, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि नियमित उपचार घेणारे रुग्ण यांची यादी करावी. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या महिन्यात कुठे जायचे होते, आणि जाता का आले नाही? हे प्रश्न अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत विचारले तर माणूस मोकळेपणाने बोलतो. प्रमाण मराठीत विचारल्यास ‘सगळं बरं आहे’ एवढ्यावर बोळवण होते.

वेळापत्रक शेवटच्या टोकाकडून मागे बांधत यावे. रुग्णालयातील बाह्यरुग्ण तपासणीची वेळ, दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीचा वार आणि आठवडे बाजाराचा दिवस आधी कागदावर मांडावा, मग गाडी गावातून किती वाजता सुटली पाहिजे ते काढावे. मुक्कामी गाडी असलेल्या गावाला सकाळची फेरी मिळतेच. खरी अडचण परतीची असते. केसपेपर, तपासणी आणि औषधांची रांग संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेली, तर व्हीलचेअरवरच्या माणसाला काळी-पिवळीच्या दाटीत कोंबून घेणे हा काही पर्याय नव्हे. प्रत्येक थांब्यावर सावकाश चढण्या-उतरण्यासाठी लागणारी मिनिटेही वेळापत्रकातच धरावीत. ती न धरल्यास उशिराचा ठपका चालकावर येतो आणि हळूहळू तो अशा थांब्यावर गाडी थांबवण्याचेच टाळू लागतो.

थांब्याचे काम टेप हातात घेऊन करावे. आगारात जाऊन त्या मार्गावर प्रत्यक्ष धावणाऱ्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. समजा ती ४० सेंटिमीटर भरली आणि थांब्यावर २० सेंटिमीटरचा ओटा बांधला, तर चढायला २० सेंटिमीटरच उरतात; मात्र त्या ओट्यावर जाणारा उतार १:१२ (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) ठेवायचा म्हणजे त्याची लांबी २.४ मीटर हवी, आणि वर व्हीलचेअर वळवण्यासाठी दीड मीटर लांबी-रुंदीची सपाट जागा हवी. उतार कमी लांबीत उरकला की तो केवळ उद्घाटनाच्या छायाचित्रापुरता उरतो. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा नुसत्या पत्र्याच्या शेडपेक्षा कडुनिंबाच्या सावलीत, पाठ टेकता येईल असा बाक अधिक उपयोगी ठरतो. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्यातून काय करता येईल हा विषय ग्रामसभेत वेळेवर मांडावा.

ओट्यामुळे पायी चालणाऱ्यांची सोय होते, पण व्हीलचेअर त्यामुळे गाडीत जात नाही. खालच्या तळाच्या शहरी गाड्या खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकणे अवघड असल्याने, पाड्यापासून तालुक्यापर्यंत घडीचा उतार आणि खुर्ची चारही बाजूंनी बांधण्याचे पट्टे असलेले लहान वाहन ठरावीक वारी चालवणे अधिक व्यवहार्य ठरते. आदल्या दिवशी फोनवर नोंदणी घेतल्यास फेरी रिकामी जात नाही. वाहकाने प्रवाशाला न विचारता उचलून घेऊ नये, हे प्रशिक्षणात स्पष्ट सांगावे. मदत कशी हवी ते त्या माणसालाच माहीत असते.

एसटीत दिव्यांगांना भाड्यात सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, परंतु सवलतीने पायरी खाली येत नाही. प्रवासाची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४१ ने शासनावर टाकली आहे. आगार व्यवस्थापकाला द्यायच्या अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा.

पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक आधीच तयार ठेवावे. चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावहून नंदुरबारला शहाद्यामार्गे जावे लागते आणि सकाळी गाठायची तपासणी हुकते. अशा दिवशी फेरी रद्द झाल्याचा निरोप प्रत्येक पाड्यावर कोणी, कोणाला आणि किती वाजेपर्यंत द्यायचा, हे थांब्यावरच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, आणि ज्यांना वाचता येत नाही वा दिसत नाही त्यांच्यासाठी तोच निरोप फोनवरून त्यांच्या बोलीत जावा.